ग्रिल तापत नाही? आधी सिलिंडर सावकाश उघडा

कोथरूडहून डॅलसला यायच्या गडबडीत तुम्ही विचारलंय, की भाड्याच्या घरातले जुने भाडेकरू त्यांचं गॅस ग्रिल स्वस्तात देताहेत, पण 'नीट तापत नाही' म्हणतात, घ्यावं का? बर्नर गंजून भोकं पडली नसतील तर खुशाल घ्या. बऱ्याचदा दोष ग्रिलचा नसतो, आपल्या हाताच्या सवयीचा असतो.

पुण्यात आपण रेग्युलेटर खटकन बसवतो, नॉब फिरवतो, झालं. इकडचा सिलिंडर 20 पौंडांचा, म्हणजे जेमतेम 9 किलो प्रोपेनचा, आणि तोटी गरागरा फिरवायची. ग्रिलची बटणं चालू ठेवून ती भसकन उघडली, की जोडातल्या सेफ्टीला वाटतं नळीच फुटली, आणि ती गॅस अगदी बारीक करून टाकते. ज्योत दिसते, पण झाकणावरचा काटा 250-300 फॅरनहाइटच्या पुढे हलत नाही. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात चार पाहुणे प्लेटा घेऊन बसलेले आणि तंगडी दीड तास पांढरीफटक! शेवटी पोहे टाकले.

उपाय फुकटचा आहे. सगळी बटणं बंद, सिलिंडर बंद. झाकण उघडा, नळी सिलिंडरपासून सोडवा, बटणं मिनिटभर उघडी ठेवून पुन्हा बंद करा. नळी हातानेच घट्ट बसवा, पाना नको. जोडावर साबणाचं पाणी लावा. मग तोटी हळूहळू उघडा, थोडं थांबा, बुडबुडे येत नसतील तरच झाकण उघडंच ठेवून पेटवा.

एवढं करूनही एखादाच बर्नर मंद, पिवळा जळत असेल, तर बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं असू शकतं. गॅसच्या वासाला कोळी येतात म्हणे. खरंखोटं कोळ्याला ठाऊक, पण जाळी मी स्वतः काढलीत. बर्नरची भोकं तारेने मोकळी करा. सिलिंडर संपत आलाय का, तेही बघा.

पैसे देण्याआधी भाडेकरार मात्र वाचा. अपार्टमेंट असेल तर बाल्कनीत गॅस ग्रिलला बऱ्याच ठिकाणी मनाई असते.

आणि घरचा रेग्युलेटर बॅगेत भरू नका, इकडे बसत नाही. कबाबाच्या शिगा पुण्यातच बोहरी आळीतून घ्या, पण चेक-इनच्या बॅगेत.