तीन वर्षांच्या मुलीच्या जांघेत न दुखणारी गाठ आहे. आम्ही म्हापशाला राहतो. थोडे दिवस थांबून पाहावं का?

थांबू नका, या आठवड्यातच बालशल्यचिकित्सकांना दाखवा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) तो विभाग आहे. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. मुलींच्या जांघेतली गाठ बहुधा हर्निया असते आणि त्यात कधी कधी अंडाशयच उतरतं: बदामाएवढी, टणक, आत न जाणारी गाठ. ती दाबून बसवू नका. रडताना वाढत नसेल तर मुलींमधला दुर्मीळ हायड्रोसील, जांघेतल्या 'कॅनाल ऑफ नक' या नळीत साचलेलं पाणी, असू शकतो. फरक बहुतेकदा सोनोग्राफीत कळतो. दोन्हींवर छोटं ऑपरेशन. शेक, लेप यांचा उपयोग नाही. मात्र पायाला जखम किंवा फोड असेल तर साधं अवधाणही (त्या जखमेमुळे जांघेत सुजलेली गाठ) असेल, ते ऑपरेशनविना जातं. गाठ लाल, दुखरी झाली किंवा उलट्या लागल्या तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करा.