वाचकांचे गणितप्रश्न : मधले पद काय सांगते?

अवयव पाडण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत. शालेय पाठ्यपुस्तकांत चलांसाठी इंग्रजी अक्षरे असतात. या सदरात मात्र अ, ब, क्ष, य हीच अक्षरे वापरण्याचा आमचा परिपाठ आहे, तो वाचकांनी चालवून घ्यावा.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. विस्तार सूत्रे तिला तोंडपाठ आहेत. (अ + ब)² म्हटले की उजवी बाजू ती झोपेतही सांगेल. पण विस्तार समोर ठेवून अवयव पाडायला सांगितले की तिची गडबड होते. चाचणीत ४क्ष² + १३क्ष + ९ चे अवयव तिने (२क्ष + ३)² असे लिहिले आणि गुण गेले. कोणते सूत्र कुठे लावायचे, हे ओळखण्याची काही रीत आहे का? (एक पालक, सातारा)

उत्तर : आपल्या मुलीने निम्मे काम बरोबर केले आहे, हे तिला आधी सांगावे. पहिले पद ४क्ष² हा २क्षचा वर्ग आणि शेवटचे पद ९ हा ३ चा वर्ग, हे तिने पाहिले. पण दोन्ही टोके पटल्यावर मधल्या पदाची चौकशी करायची राहिली. (२क्ष + ३)² चा विस्तार करताना मधले पद २ × २क्ष × ३, म्हणजे १२क्ष येते, आणि दिलेल्या राशीत ते १३क्ष आहे. एका क्षचा फरक आहे, पण तेवढ्याने ती राशी पूर्ण वर्ग राहत नाही. टोके वर्ग असणे ही पूर्ण वर्गाची पहिली अट आहे. निकाल मधले पद देते.

पूर्ण वर्ग नाही म्हणून अवयवच पडत नाहीत, असे मात्र समजू नये. टोकांच्या सहगुणकांचा गुणाकार ४ × ९ = ३६ आहे. ज्यांचा गुणाकार ३६ आणि बेरीज १३ येईल अशा दोन संख्या शोधल्या, तर ९ आणि ४ मिळतात. म्हणून ४क्ष² + ९क्ष + ४क्ष + ९ असे पद फोडून (४क्ष + ९)(क्ष + १) हे अवयव मिळतात.

आता वहीत मुलीला एक छोटा उद्योग देऊन पाहावा. ४क्ष² आणि ९ ही टोके तशीच ठेवायची आणि मधल्या पदाची जागा रिकामी सोडायची. ३६ च्या अवयवांच्या जोड्या लिहिल्या, तर ३६ व १, १८ व २, १२ व ३, ९ व ४, ६ व ६ एवढ्याच येतात आणि त्यांच्या बेरजा अनुक्रमे ३७, २०, १५, १३ आणि १२ होतात. रिकाम्या जागी यांपैकी एखादा धन सहगुणक असेल, तरच त्या त्रिपदीचे पूर्णांक सहगुणकांचे अवयव पडतात. या यादीत सर्वांत लहान बेरीज १२ आहे, आणि ती दोन्ही संख्या सारख्या असताना येते. मधल्या पदाचा सहगुणक धन असूनही १२ पेक्षा कमी असेल, उदाहरणार्थ ४क्ष² + १०क्ष + ९, तर कोणत्याही वास्तव संख्या घेतल्या तरी अवयव पडणार नाहीत, कारण ज्यांचा गुणाकार ३६ आहे अशा दोन धन संख्यांची बेरीज १२ च्या खाली जाऊच शकत नाही. पूर्ण वर्ग हा असा कुंपणावर बसलेला असतो, आणि तो नेमका कुठे बसला आहे हे एकदा दिसले की ‘दुप्पट गुणाकार’ हे शब्द घोकावे लागत नाहीत.

चिन्हांचे थोडक्यात सांगायचे, तर शेवटच्या पदामागे वजाचिन्ह असेल तर ४क्ष² + १२क्ष − ९ सारखी राशी पूर्ण वर्ग असणे शक्यच नाही, आणि फक्त मधले पद ऋण असेल तर कंसात वजाबाकी येते. म्हणूनच ९क्ष² − ३०क्षय + २५य² हा (३क्ष − ५य)² आहे.

आणखी दोन ठिकाणी मुले हमखास अडतात. १२क्ष² − २७ पाहिल्यावर १२ हाही वर्ग नाही आणि २७ हाही नाही, म्हणून ‘सूत्र बसत नाही’ असे लिहून ती पुढे जातात. प्रत्यक्षात सामाईक अवयव ३ बाहेर काढला की ३(४क्ष² − ९), म्हणजेच ३(२क्ष + ३)(२क्ष − ३) हे उत्तर समोर येते. दुसरे ठिकाण म्हणजे सूत्रातील अ च्या जागी अख्खा कंस येणे. (२क्ष + १)² − (क्ष − ३)² या राशीत अ म्हणजे २क्ष + १ आणि ब म्हणजे क्ष − ३ असे समजले, तर बेरजेचा कंस ३क्ष − २ होतो आणि वजाबाकीचा क्ष + ४. यातला ४ पुष्कळ वह्यांत −२ झालेला असतो, कारण वजाचिन्ह क्षला लागते आणि ३ ला लावायचे राहून जाते.

प्रश्न : अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) हे गुणून पडताळता येते, पण नातवाला ते डोळ्यांनी दाखवता येईल का? (एक आजोबा, नाशिक)

उत्तर : अवश्य येईल. जाड कागदाचा १० सेंमी बाजूचा चौरस कापावा आणि त्याच्या एका कोपऱ्यातून ३ सेंमी बाजूचा चौरस कापून टाकावा. उरलेला कागद काटकोनी पट्टीसारखा दिसेल व त्याचे क्षेत्रफळ १०० − ९, म्हणजे ९१ चौसेंमी असेल. आता त्याचे सरळ रेषेत दोन तुकडे करावेत : एक १० × ७ चा आणि दुसरा ७ × ३ चा. लहान तुकडा फिरवून मोठ्याच्या ७ सेंमी बाजूला चिकटवला की १३ × ७ चा आयत तयार होतो. १३ म्हणजे १० + ३ आणि ७ म्हणजे १० − ३. तुकडा फिरवण्याचे काम मात्र नातवाकडेच सोपवावे. आपण फिरवून दाखवला, तर सगळी गंमत निघून जाते.

प्रश्न : दोन वर्गांच्या वजाबाकीचे अवयव पडतात, दोन घनांच्या बेरजेचेही पडतात, मग अ² + ब² ने काय पाप केले आहे? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : तुझा प्रश्न फार चांगला आहे. अ च्या जागी −ब ठेवून पाहा. अ³ + ब³ ची किंमत शून्य होते. एखादी किंमत ठेवल्यावर बहुपदी शून्य होत असेल, तर तिच्या पोटात एक एकघाती अवयव दडलेला असतो; येथे तो (अ + ब) आहे, आणि म्हणून अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²). दुसऱ्या कंसातले मधले पद नीट पाहा : ते −२अब नसून −अब आहे. तेथे पूर्ण वर्ग समजून (अ − ब)² लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

अ² + ब² चे तसे नाही. अ आणि ब या वास्तव संख्या असतील, तर दोन्ही शून्य असल्याखेरीज वर्गांची बेरीज शून्य होत नाही. द्विघाती राशीचे तुकडे करायचे तर ते दोन एकघातीच असणार, आणि एकघाती अवयव असता तर कोठेतरी शून्य आले असते. म्हणून वास्तव संख्यांत अ² + ब² फुटत नाही.

मात्र यावरून ‘वर्गांच्या बेरजेचे अवयव कधीच पडत नाहीत’ असा नियम कोणी शिकवला, तर तो मानू नकोस. अ⁴ + ४ब⁴ ही राशी घे. अ² चा वर्ग अधिक २ब² चा वर्ग, म्हणजे सरळसरळ दोन वर्गांची बेरीज, आणि तीही कधी शून्य होत नाही. पण ही चतुर्घाती आहे. एकघाती अवयव नसले, तरी दोन द्विघाती अवयव असायला हरकत नाही. टोके पाहिली तर पूर्ण वर्गासाठी मधले पद ४अ²ब² हवे होते, आणि ते येथे नाही. ते आपण मिळवायचे व लगेच वजा करायचे :

अ⁴ + ४अ²ब² + ४ब⁴ − ४अ²ब² = (अ² + २ब²)² − (२अब)²

आता ही दोन वर्गांची वजाबाकी झाली, आणि अवयव (अ² + २ब² + २अब)(अ² + २ब² − २अब) असे पडतात. फ्रेंच गणिती सोफी जर्मेन (१७७६–१८३१) यांच्या नावाने ही नित्यसमानता ओळखली जाते. ब च्या जागी १ घेतल्यास असे दिसते की १ पेक्षा मोठ्या कोणत्याही नैसर्गिक संख्येचा चौथा घात अधिक ४ ही संख्या मूळ असूच शकत नाही.

ही युक्ती वेळेवर न सुचल्याची किंमत काय असते, याचे एक खरे उदाहरण आहे. १८६९ मध्ये लांद्री या फ्रेंच गणितीने २ चा ५८वा घात अधिक १, म्हणजे २,८८,२३,०३,७६,१५,१७,११,७४५ या अठरा अंकी संख्येचे अवयव हाताने काढले. त्या काळात हे काम किती कष्टाचे असेल, याची कल्पना आज करणेही कठीण आहे. अवघ्या दोन वर्षांनी, १८७१ मध्ये, ओरिफय या दुसऱ्या फ्रेंच गणितीच्या लक्षात आले की ही संख्या दोन ओळींत फुटते. २ चा २९वा घात अधिक १ हिचा वर्ग केला, तर दिलेल्या संख्येपेक्षा नेमका २ चा ३०वा घात जास्त येतो, आणि २ चा ३०वा घात हा स्वतःच २ च्या १५व्या घाताचा वर्ग आहे. वर्गांची वजाबाकी झाली आणि ५३,६८,३८,१४५ × ५३,६९,०३,६८१ हे अवयव हाती आले. पहिल्याला ५ ने भाग जातो, हे तर त्याच्या शेवटच्या अंकावरूनच दिसते. लांद्रींना काय वाटले असेल, याचा विचार मी दर वेळी हे उदाहरण सांगताना करतो.

प्रश्न : अ⁶ − ब⁶ ला वर्गांची वजाबाकी समजून एक उत्तर येते आणि घनांची वजाबाकी समजून दुसरे. बरोबर कोणते? (एक विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, पण दुसरे अर्धवट आहे. वर्ग समजून (अ³ + ब³)(अ³ − ब³) आणि पुढे (अ + ब)(अ² − अब + ब²)(अ − ब)(अ² + अब + ब²) असे चार अवयव मिळतात. घन समजून (अ² − ब²)(अ⁴ + अ²ब² + ब⁴) मिळते, आणि दुसरा कंस फुटत नाही असे समजून बहुतेक जण तेथेच थांबतात. त्याच्याही टोकांत वर्ग आहेत; मधले पद २अ²ब² हवे होते, एक अ²ब² कमी आहे. ते मिळवून वजा केले की (अ² + ब²)² − (अब)² होते आणि तेच दोन द्विघाती अवयव बाहेर येतात. परीक्षेत आधी वर्गाची वाट धरावी. ती सोपी आहे.

प्रश्न : शाळा सुटल्यावर या सूत्रांचा उपयोग काय? (एक सेवानिवृत्त वाचक, पणजी)

उत्तर : तोंडी हिशेबाला तरी निश्चित होतो, आणि तो आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त वर्ग करण्याच्या रीतींमध्ये एक रीत अशी आहे : संख्येतून सोयीची एक इष्ट संख्या वजा करावी, तीच संख्येत मिळवावी, दोन्ही उत्तरांचा गुणाकार करावा आणि त्यात इष्ट संख्येचा वर्ग मिळवावा. तेथे विचारलेल्या उदाहरणांत २९७ चा वर्ग आहे. इष्ट संख्या ३ घेतली, तर २९४ × ३०० = ८८,२०० आणि त्यात ९ मिळवून ८८,२०९. ही रीत म्हणजे अ² − ब² चे सूत्रच, फक्त ब² पलीकडच्या बाजूला नेलेला.

उलट दिशेने हेच सूत्र संख्यांचे अवयव शोधायला उपयोगी पडते. ३१३९ ही संख्या मूळ आहे का? तिचे वर्गमूळ ५६ च्या किंचित वर आहे, म्हणून ५७ पासून सुरुवात करू. ५७² − ३१३९ = ११०, हा वर्ग नाही. ५८² − ३१३९ = २२५, हा १५ चा वर्ग आहे. म्हणून ३१३९ = (५८ + १५)(५८ − १५) = ७३ × ४३. फ्रेंच गणिती फर्मा यांनी १६४३ मध्ये याच रीतीने २,०२,७६,५१,२८१ या संख्येचे ४६,०६१ आणि ४४,०२१ हे अवयव काढून दाखवले. ४५,०३० पासून सुरुवात केली, तर बाराव्या प्रयत्नात वर्ग सापडतो. अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेथेच ही रीत झटपट चालते, दूर असतील तर दमवते.

प्रश्न : अवयव बरोबर आले की नाही, हे पेपर देण्याआधी तपासण्याची झटपट युक्ती सांगावी. (एक विद्यार्थी, अकोला)

उत्तर : चलाला एखादी सोपी किंमत देऊन दोन्ही बाजू काढाव्यात. ४क्ष² + १३क्ष + ९ मध्ये क्ष = १ घेतल्यास २६ येतात, (४क्ष + ९)(क्ष + १) मध्येही १३ × २ = २६ येतात, आणि (२क्ष + ३)² मध्ये २५. क्ष = ० मात्र घेऊ नये : तेथे तिन्हींची किंमत ९ येते, आणि चुकीचे उत्तरही बरोबर वाटते.