वाचकांचे प्रश्न : ह्यूईसाठी कुठलं पुस्तक घ्यावं?

प्रश्न : यूएच-१डी ह्यूई या अमेरिकी लष्करी हेलिकॉप्टरच्या मॉडेलचं १/३५ स्केलचं (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं) किट घेतलं आहे. व्हिएतनाम युद्धातल्या, नोव्हेंबर १९६५ च्या इया द्रांग लढाईतलं हेलिकॉप्टर करायचं मनात आहे. एका पुस्तकात युद्धकाळातल्या फोटोंसह सगळी हकीकत आहे, दुसऱ्यात संग्रहालयातल्या ह्यूईचे जवळून काढलेले रंगीत फोटो आहेत. एकच परवडणार आहे. कुठलं घेऊ?

उत्तर : जवळून काढलेल्या फोटोंचं घ्या. हकीकत वाचायला मलाही आवडते. पण पायलटच्या आसनामागे काय आहे, छताला कसलं अस्तर आहे, दार कुठल्या रुळावर सरकतं, हे उडत्या हेलिकॉप्टरच्या फोटोत दिसत नाही आणि आपलं काम तिथेच अडतं.

मात्र पैसे देण्याआधी फोटोओळी वाचा. समोरचं यंत्र कुठल्या उपप्रकारातलं आणि कोणत्या काळातलं, हे ज्या पुस्तकात लिहिलेलं नाही ते कितीही देखणं असलं तरी मी घेत नाही. संग्रहालयांत एच (यूएच-१एच) प्रकारच्या ह्यूई भरपूर आहेत, आणि मूळच्या कित्येक डी नंतर एच केल्या गेल्या. दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. फरक कळतो तो वेग मोजणाऱ्या पिटो नळीवरून: डीला ती नाकावर, एचला सहसा छतावर. एच सैन्यात आली १९६७ मध्ये, म्हणजे तुमच्या मॉडेलला नळी नाकावरच हवी. छतावर पुढे आणि नाकाखाली तारा कापणारी धारदार पाती दिसली, तर ती व्हिएतनामनंतरची भर. एक्झॉस्टचं तोंड वर वळवलेलं असेल, तर ते उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्रांपासून बचाव म्हणून १९७२ पासून बसवलेलं. छतावरची नळी धरून या तिन्ही गोष्टी तुमच्या मॉडेलवर नकोत.

आता रोटर हेड, म्हणजे वरची फिरती पाती जिथे जोडलेली असतात तो भाग. पुस्तकाची खरी किंमत इथे वसूल होते. ह्यूईला दोनच पाती, आणि त्यांच्याशी काटकोनात टोकांना वजनं असलेला स्टॅबिलायझर बार, म्हणजे रोटर स्थिर ठेवणारा आडवा दांडा. किटमध्ये बार असतोच, पण त्याला जोडणारे दांडे बहुतेक वेळा जाडजूड येतात. फोटोवर बोट ठेवून एकेक दांडा खालून वर न्या: स्वॉशप्लेटच्या (पायलटच्या हालचाली पात्यांपर्यंत पोचवणाऱ्या तबकडीच्या) बाजूने निघालेला दांडा बारवरच्या मिक्सिंग लिव्हर नावाच्या तरफेला जातो, तिथून दुसरा पात्याच्या पिच हॉर्नला, म्हणजे पात्याचा कोन बदलणाऱ्या शिंगासारख्या भागाला. सुरुवात आणि शेवट कळला की तार कुठे वळवायची ते आपोआप कळतं. एका बाजूचा फोटो पुरत नाही. रोटर हेड निदान दोन बाजूंनी दाखवलेलं असेल तरच पुस्तक उपयोगाचं. मोजमाप सोपं आहे: खऱ्या यंत्रात १ सेंटीमीटर जाड नळी १/३५ मध्ये ०.२९ मिलिमीटर होते, तेव्हा ०.३ ची तार चालेल. रोटरचा व्यास १४.६३ मीटर, मॉडेलवर जवळजवळ ४२ सेंटीमीटर. उभ्या ह्यूईचं एक पातं पट्ट्याने शेपटीच्या दांड्याला बांधलेलं फोटोत दिसेल. मॉडेल जमिनीवर उभं ठेवणार असाल तर तो पट्टा जरूर करा, एवढ्याशा गोष्टीने यंत्र खरं वाटू लागतं.

रंग मात्र पुस्तकातून उचलू नका. चार शायांच्या छपाईत एकच हेलिकॉप्टर दोन पानांवर दोन हिरव्या छटांचं निघतं, आणि संग्रहालयातल्या यंत्रावर नंतर कधीतरी नवा हात फिरलेला असतो. बाहेरच्या ऑलिव्ह ड्रॅबसाठी (मळकट लष्करी हिरव्यासाठी) फेडरल स्टँडर्ड ५९५ या अमेरिकी सरकारी रंगसूचीतला ३४०८७ हा क्रमांक धरा. बुटांनी रंग कुठे झिजला, धुराची काजळी शेपटीवर कुठवर गेली, यासाठी युद्धकाळातले फोटो लागतील. ते पुस्तक वाचनालयात मिळालं तर तेवढ्यापुरतं आणा.

प्रश्न : एमआय-२४ या रशियन लढाऊ हेलिकॉप्टरचं १/७२ चं मॉडेल करतो आहे. एवढ्या लहान मॉडेलला पुस्तक हवंच का?

उत्तर : आतल्या भागासाठी नको. या मापात तीच १ सेंटीमीटरची नळी ०.१४ मिलिमीटर होते, आणि काच बंद केली की फारसं दिसत नाही. पण बाहेरून उपप्रकार पक्का करायला चांगले फोटो हवेतच. एमआय-२४ च्या डी आणि व्ही या उपप्रकारांच्या नाकाखाली चार नळ्यांची १२.७ मिलिमीटरची फिरती मशीनगन असते. पी या उपप्रकाराला उजव्या कुशीवर ३० मिलिमीटरची जोडनळीची तोफ, जागेवर पक्की. आणि उभ्या यंत्राचा एक फोटो समोर ठेवून पाचही पाती किती झुकतात ते पाहा. किटमधली पाती सरळसोट येतात. तेवढाच बाक त्यांना रंगवण्याआधी द्या.