विश्वविजेता कधीच न झालेला अर्जेंटिनाचा बॉक्सर ओस्कार बोनावेना लोकांना अजून का आठवतो?

तुम्ही लिहिलंय की बोनावेनाबद्दल शोधायला गेलं की त्याचा खूनच समोर येतो, खेळाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मलाही हे फार वर्षं खुपतंय. म्हणून आधी त्याच्या दोन फेऱ्यांबद्दल सांगतो, खुनाचं नंतर.

पहिली २१ सप्टेंबर १९६६ची, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली. समोर होता अमेरिकेचा जो फ्रेझर, पुढे विश्वविजेता झालेला आणि तोवर एकही लढत न हरलेला. दुसऱ्या फेरीत बोनावेनाने त्याला दोनदा खाली पाडलं. एका फेरीत तिसऱ्यांदा पडलात तर लढत तिथेच संपली, असा तिथला नियम होता. म्हणजे आणखी एक ठोसा नीट बसता तर फ्रेझरची पुढची सगळी कहाणीच वेगळी झाली असती. पण फ्रेझर घंटा होईपर्यंत टिकला, सावरला, आणि दहा फेऱ्यांनंतर तीन पंचांपैकी दोघांची मतं त्याच्या बाजूने पडली. दोघे १९६८मध्ये फिलाडेल्फियात पुन्हा लढले, तेव्हा फ्रेझरने पंधरा फेऱ्या खेळून गुणांवर जिंकलं. बोनावेना शेवटपर्यंत उभा होता.

मला सांगायची ती दुसरी फेरी ७ डिसेंबर १९७०च्या लढतीतली. जागा तीच, समोर मुहम्मद अली. सैन्यात भरती व्हायला नकार दिल्यामुळे अलीची साडेतीन वर्षं वाया गेली होती आणि परतल्यावरची ही त्याची दुसरीच लढत. लढतीआधी बोनावेनाने त्यावरूनच त्याला डिवचलं, भित्रा म्हणून कोंबडीसारखे आवाज काढले. मला बोनावेना मनापासून आवडतो, पण ते वागणं मला कधीच पटलं नाही. अलीने ज्या निर्णयाची एवढी मोठी किंमत मोजली, त्याची अशी टिंगल करायला नको होती. अलीने नववी फेरी जाहीर करून टाकली होती, त्या फेरीत आडवा करणार म्हणून. नववीत उलट बोनावेनानेच त्याला हादरवलं. मग पंधरावी. गुणांवर अली पुढे होता, बोनावेनाला जिंकायचं तर अलीला पाडण्यावाचून गत्यंतर नव्हतं, म्हणून तो अंगावर जात राहिला आणि अलीचा डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, लागून पडला. उठला. पुन्हा पडला. पुन्हा उठला. तिसऱ्यांदा पडल्यावर त्याच नियमाने लढत थांबवली. चार वर्षांपूर्वी जो नियम त्याच्या मदतीला येता येता राहिला होता, तोच आता त्याच्यावर लागू झाला.

एकूण ६८ लढती: ५८ विजय, ९ पराभव, १ बरोबरी. त्या नऊ पराभवांत मार खाऊन लढत थांबवावी लागली, असा हा एकच.

मग बोनावेना नुसता जर्नीमन होता का? जर्नीमन म्हणजे पोटासाठी गावोगाव लढणारा, मोठ्यांना कसोटीपुरता हवा असलेला बॉक्सर. उमेदीच्या काळात बोनावेना तसा नव्हता, तो किताबाच्या दारापर्यंत पोचलेला माणूस होता. १९६५मध्ये ब्यूनोस आयर्सच्या लुना पार्क या बंदिस्त स्टेडियममध्ये त्याने ग्रेगोरिओ पेराल्ताला हरवून अर्जेंटिनाचा हेवीवेट किताब घेतला, तेव्हा पंचवीस हजारांहून जास्त लोक आत होते. खेळ देखणा मुळीच नव्हता. सपाट तळवे, जड हालचाल, कुठून येईल सांगता येत नाही असा लांबून फिरवलेला हात. पण अलीनंतर फ्लॉइड पॅटरसनकडून हरला, रॉन लाइलकडून हरला, आणि हळूहळू तो जर्नीमनच्याच रांगेत येऊन उभा राहिला.

तिथून तो अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात गेला. रीनोजवळ मस्टँग रँच नावाचा परवानाधारक कुंटणखाना होता. त्याच्या मालकाचं नाव जो कॉन्फोर्ते. कॉन्फोर्तेची बायको सॅली बोनावेनाची व्यवस्थापक झाली. त्या दोघांच्या नात्याबद्दल लोक चवीने बोलतात, मला त्यात रस नाही. मला एवढंच दिसतं की अली आणि फ्रेझरशी पंधरा-पंधरा फेऱ्या खेळलेल्या माणसाला पुन्हा वर यायचं होतं, आणि त्यासाठी त्याला हीच माणसं मिळाली. २६ फेब्रुवारी १९७६ला रीनोमध्ये त्याने बिली जॉयनरला गुणांवर हरवलं. ती शेवटची लढत. २२ मेच्या सकाळी रँचच्या फाटकाशी कॉन्फोर्तेच्या अंगरक्षकाने त्याला रायफलने गोळी घातली. वय अवघं ३३. मारणाऱ्याने दोन वर्षंसुद्धा पुरती तुरुंगात काढली नाहीत. हे वाचलं की अजूनही माझा संताप होतो.

त्याच्या नावावर एक वाक्य सांगतात: घंटा वाजली की बसायचं स्टूलही काढून घेतात आणि तुम्ही एकटे उरता. रिंगमध्ये ते खरंच असेल. पण त्याचं शव ब्यूनोस आयर्सला आणून लुना पार्कमध्येच ठेवलं, तेव्हा अखेरचं दर्शन घ्यायला लाखाहून जास्त लोक आले. पार्के पात्रिसियोस हा त्याचा मोहल्ला, उराकान हा त्याचा फुटबॉल क्लब. क्लबच्या मैदानातल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे आणि आपण रिंगो (हे त्याचं टोपणनाव) बोनावेनाच्या मोहल्ल्यातले, असं तिथले प्रेक्षक आजही गातात. त्यातल्या बहुतेकांनी त्याला लढताना पाहिलेलंही नसणार.

अलीसोबतच्या लढतीचं चित्रण सापडलं तर पंधराव्या फेरीत सगळ्यांचे डोळे अलीवर जातात, तुम्ही तसं करू नका. दुसऱ्यांदा पडल्यावर बोनावेना उठतो. अली शेजारीच घुटमळतोय हे त्याला ठाऊक आहे. तरी हात वर घेऊन तो पुन्हा त्याच्याकडेच वळतो.