गौतम राजाध्यक्षांकडून काय शिकलात? – एका स्टुडिओवाल्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय, की गौतम राजाध्यक्षांच्या फोटोंत एवढं काय होतं, आणि नटनट्यांचे देखणे फोटो काढणाऱ्या माणसाकडून बाकीच्यांनी नेमकं घेतलं काय. मी तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवतो. त्यांना कधी भेटलो नाही. तरी उत्तर लिहितोय, कारण उजेड कसा लावायचा हे मी त्यांच्या छापून आलेल्या फोटोंवरून शिकलो.

स्टुडिओ अण्णांचा, म्हणजे वडिलांचा. मागे रंगवलेला पडदा, दोन्ही बाजूंना पाचशे वॉटचे दोन दिवे, मधे स्टूल. गिऱ्हाईक बसलं की अण्णा दोन बोटांनी त्याची हनुवटी वर करायचे, "हलू नका" म्हणायचे आणि बटण दाबायचे. दोन्हीकडून सारखाच उजेड, त्यामुळे चेहरा थापलेल्या भाकरीसारखा सपाट यायचा. स्थळांना पाठवायचा फोटो असला तर मुलीला आधी पावडर लावायला सांगायचे आणि उजेडही थोडा जास्त सोडायचे, गोरी दिसावी म्हणून. नाक कुठे संपलं आणि गाल कुठे सुरू झाला ते कळायचं नाही.

तेव्हा घरी 'चंदेरी' हे सिनेमाचं नियतकालिक यायचं. राजाध्यक्ष त्याचे संपादक. त्यातले त्यांचे फोटो बघताना पहिल्यांदा डोक्यात आलं, की यांनी दिवा ठेवलाय तरी कुठे? विचारायला कुणी नव्हतं. मग अण्णांचं रिटचिंगचं भिंग घेऊन फोटोतले डोळे बघायला लागलो. भिंग फार जवळ नेलं की छपाईचे नुसते ठिपके दिसायचे. जरा वर उचललं की ते ठिपके जुळून यायचे आणि बुबुळात एक पांढरा डाग दिसायचा. तो दिव्याचं प्रतिबिंब. घड्याळात दहा जिथे असतात तिथे डाग असला, तर दिवा कॅमेऱ्याच्या डावीकडे आणि डोक्याच्या वर. डाग मोठा असला तर दिवा मोठा किंवा अगदी जवळ, म्हणून सावलीची कड मऊ. खालच्या बाजूला अजून एक पुसट डाग दिसला तर समजायचं, हनुवटीखाली पांढरा तक्ता धरलाय. अशा खुणा मी एका वहीत काढत गेलो. एका पानावर एक चेहरा.

मग अण्णांचं जुनं धोतर लाकडी चौकटीवर ताणून एका दिव्यापुढे उभं केलं. दिव्यापासून हातभर लांब, नाहीतर करपायचं. दुसरा दिवा बंद केला आणि त्या बाजूला थर्माकोलचा तक्ता टेकवून ठेवला. समोर आईला बसवलं. प्रिंटमध्ये आईच्या गालाला गोलाई आली होती, आणि कानाजवळची सावली कुठे सुरू होते ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. अण्णा तो ओला प्रिंट हातात धरून बराच वेळ उभे होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला गेलो तर त्यांनी दुसरा दिवा स्वतःच भिंतीकडे फिरवून ठेवलेला.

राजाध्यक्षांचा जन्म मुंबईचा, १६ सप्टेंबर १९५०चा. शिक्षण सेंट झेवियर्समध्ये. पुढे लिंटास या जाहिरात कंपनीत नोकरी, आणि १९८७ पासून पूर्ण वेळ फोटोग्राफी. ही जाहिरातीची तालीम फार महत्त्वाची, असं माझं मत आहे. तिथे काम सांगितलेल्या वेळेला द्यावं लागतं आणि पैसे देणाऱ्याला ते आवडावं लागतं. आमच्या धंद्याचंही तेच आहे. कलेचे फोटो काढणारे आम्हाला 'धंदेवाईक' म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली येतो. राजाध्यक्षांनी आयुष्यभर मागणीप्रमाणे काम केलं आणि तरीही त्यांचा फोटो खाली नाव न बघता ओळखता यायचा. आमच्यासारख्यांना याचा किती आधार वाटला ते सांगता येणार नाही.

त्यांच्या फोटोंत सगळेच सुंदर दिसतात, खरा माणूस दिसत नाही, असा आक्षेप तुम्हीही ऐकला असेल. मला तो पटत नाही. स्टुलावर बसलेला माणूस घाबरलेला असतो. तो घाबरलेला चेहराच खरा, असं कुणी ठरवलं? १९९७च्या 'फेसेस' या त्यांच्या फोटोंच्या पुस्तकात दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंत माणसं आहेत. वयाचं अंतर केवढं, पण मान दोघींना सारखा. शिवाय या माणसांवर ते लिहायचेही. ज्याच्यावर लिहायचं त्याला आधी नीट ऐकावं लागतं. हे लक्षात आल्यापासून मी गिऱ्हाइकाला "हलू नका" म्हणणं सोडलं. आधी कॅमेऱ्याजवळ न जाता पाचदहा मिनिटं बोलतो.

एकदा एक मुलगी आईबरोबर स्थळासाठी फोटो काढायला आली. सावळी, पर्समध्ये पावडरीचा डबा. मी म्हटलं, तोंड धुऊन या. बी.एड. करत होती. सरावाच्या पाठाला मुलांनी कसं छळलं ते सांगताना रंगात आली, तेव्हा एका दिव्यावर फोटो घेतला. आई म्हणाली, "अहो, काळी दिसतेय." दुसरा काढला, जास्त उजेडाचा. फोटो न्यायला मुलगी एकटीच आली. दोन्ही घेतले, आणि पहिल्याच्या अजून तीन प्रती सांगितल्या.

पुढे लोक मासिकांची कात्रणं घेऊन यायचे, "असा काढा" म्हणायचे. आमच्या रस्त्यावरच्या तीन स्टुडिओंतले रंगवलेले पडदे एकामागून एक उतरले, ते याच काळात.

१३ सप्टेंबर २०११ला राजाध्यक्ष मुंबईत वारले. तीन दिवसांनी एकसष्ट पूर्ण झाली असती. त्या संध्याकाळी समोरच्या स्टुडिओवाल्याचा फोन आला. आमची धंद्यातली जुनी स्पर्धा, एरवी बोलणं बेताचंच. थोडा वेळ दोघंही गप्प. मग तो म्हणाला, "तुझी ती डोळ्यांची वही आहे का रे अजून?"

आहे. पानं पिवळी पडलीत, पण आकृत्या स्पष्ट आहेत. तुम्हाला 'फेसेस' किंवा त्यांचं मराठीतलं 'चेहरे' कुठल्या ग्रंथालयात मिळालं, तर चेहरा कुणाचा आहे ते नंतर बघा, आधी डोळ्यांतला पांढरा डाग शोधा.