होस्ट फॅमिलीसोबत रोड ट्रिपला निघताना

अमेरिकेत ज्या कुटुंबात राहतोस (होस्ट फॅमिली), त्यांच्यासोबत गाडीने लांब फिरायला जाताना मोठी सुटकेस नेऊ नकोस. डिकीत कूलर आणि तंबू आधी बसतात. उरलेल्या फटीत मऊ कापडी बॅगच दाबून मावते. स्वेटर मात्र हाताशी ठेव, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जुलैतही रात्री चांगलीच थंडी पडते. तिथला बायसन हा रानटी प्राणी म्हशीसारखा संथ चरताना दिसतो, पण म्हणून फोटोसाठी जवळ जाऊ नकोस. किमान २३ मीटर लांब राहा, अस्वलापासून ९१ मीटर. बायसनची शेपटी ताठ वर झाली की लगेच मागे सर.

नायगाराला कॅनडाच्या बाजूला जायचा बेत निघाला, तर आधीच सांग: भारतीय पासपोर्टला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, शिवाय अमेरिकेत परत येण्यासाठी डीएस-२०१९ वर (जे-१ या एक्सचेंज व्हिसाच्या कागदावर) प्रवासाची सही हवी. सीमेवरच्या पुलावर पोचल्यावर हे कळलं तर सगळ्या घरालाच परत फिरावं लागेल. आणि पेट्रोल, हॉटेलच्या खर्चातला आपला वाटा निघण्याआधीच मोकळेपणाने विचार.