लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकल्यापासून बॅटरी लवकर उतरते आणि झाकण लावूनही लॅपटॉप गरम राहतो. काय बदलावं?

आधी सगळी अपडेट्स घ्या आणि टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची आत्ताची प्रत, काढा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आलेलाच असतो. मात्र तो सिस्टिमच्या फाइल्स सांभाळतो, तुमचे फोटो आणि कागदपत्रं नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळा घ्या.

आता गरम होण्याचं. झाकण लावूनही लॅपटॉप तापतो तेव्हा मी सर्वात आधी स्लीप तपासतो. 'डीप' प्रकारात रॅम सोडून जवळपास सगळं बंद होतं. 'एस२आयडल'मध्ये प्रोसेसर नुसता निवांत बसतो, आणि एखादा भाग जागा राहिला की बॅटरी खर्च होत राहते. 'सिस' फोल्डरच्या आत 'पॉवर'मध्ये 'मेम_स्लीप' नावाची फाइल (/sys/power/mem_sleep) आहे, ती उघडून बघा. चौकटी कंसात दिसेल तो प्रकार सध्या चालू आहे. 'डीप' कंसाबाहेर असेल तर ग्रबच्या (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) फाइलमध्ये कर्नल पॅरामीटर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला दिलेली सूचना, म्हणून 'मेम_स्लीप_डिफॉल्ट'ला 'डीप' द्या (mem_sleep_default=deep), ग्रब अपडेट करा आणि रीस्टार्ट करा. मग काही वेळा झाकण लावून उघडा. स्क्रीन परत येत नसेल तर बदल काढून टाका, तुमच्या मशीनला तो मानवत नाही. यादीत 'डीप' नसेलच, तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, शोधा. काही थिंकपॅड लॅपटॉपमध्ये 'स्लीप स्टेट'खाली चक्क 'लिनक्स' असा पर्याय मिळतो.

बॅटरीसाठी टीएलपी हा वीज वाचवणारा प्रोग्रॅम बसवा. त्याच्या मूळ सेटिंग्ज चांगल्या आहेत, उगाच खोलात जाऊ नका. फक्त 'पॉवर प्रोफाइल्स डीमन' हा तशाच कामाचा दुसरा प्रोग्रॅम सोबत ठेवू नका, दोघंही त्याच सेटिंग्ज बदलायला जातात. लॅपटॉप बराच वेळ चार्जरवर असतो का? मग हार्डवेअर साथ देत असेल तर टीएलपीमधूनच चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. मी तसंच ठेवतो, कारण लिथियम बॅटरी सतत १०० टक्क्यांवर ठेवली की लवकर म्हातारी होते. नेमकं काय वीज खातंय ते पॉवरटॉप हा प्रोग्रॅम दाखवतो. तो चार्जर काढून चालवा.

'स्वॅपिनेस ६० वरून १० करा' हा सल्ला जागोजागी दिसेल (स्वॅपिनेस म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर किती सहज हलवायचा याची सेटिंग). तुमच्या दोन्ही अडचणींशी त्याचा संबंध नाही, सोडून द्या.

'मेम_स्लीप'मध्ये काय दिसलं आणि लॅपटॉपचं मॉडेल कोणतं, ते लिहा. मग पुढचं नेमकं सांगता येईल.